आयसीयूबाहेरची सही

सिंहगड रस्त्याच्या परिसरात राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून ते थोडक्यात देते.

त्यांचे वडील ६९ वर्षांचे, दरवर्षी पालखीबरोबर हडपसरपर्यंत चालत जाणारे. फेब्रुवारीत एका संध्याकाळी जेवताना घास हातातून निसटला, तोंड वाकडं झालं आणि बघता बघता ते कलंडले. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव. हॉस्पिटलात पोचल्यावर तासाभरात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आयसीयूबाहेर कागद पुढे केले. रक्तस्राव वाढू नये म्हणून एका औषधाचा अभ्यास चालू आहे, निम्म्या रुग्णांना औषध आणि निम्म्यांना नुसतं सलाईन मिळतं, कुणाला काय मिळालं ते आम्हालाही कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. ताईंनी सही केली. नाशिकचे मोठे बंधू पहाटे पोचले आणि म्हणाले, "बाबांचा गिनिपिग केलास. थोरला मी, मला विचारायला हवं होतं."

आज बाबा घरी आहेत. उजवा हात-पाय लुळा आहे, बोलणं दोन-चार शब्दांपुरतं उरलं आहे. सहा महिने झाले की ऑगस्टमध्ये अभ्यासाकडून शेवटचा फोन येणार आहे. दादा म्हणतात, त्याआधीच लेखी देऊन बाहेर पडायचं आणि बाबांना स्टेम सेल उपचारांना, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी टोचून घ्यायला न्यायचं. साडेतीन लाखांची तजवीज त्यांनी केली आहे. ताई विचारतात, "त्या रात्री माझं चुकलं का? आता बाहेर पडू का?" पत्राच्या मध्येच एक वाक्य आहे: "बीपीच्या गोळ्या त्यांनी दिवाळीपासून बंद केल्या होत्या." त्याचा पुढे उल्लेख नाही.

ताई,

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर काही वर्षं एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर बसले. माणसांवर औषधांची चाचणी करायची तर अशा समितीची मंजुरी लागते. तिच्यात किमान सात जण असतात आणि त्यांत एक तरी माझ्यासारखं, वैद्यकाशी काही देणंघेणं नसलेलं माणूस असावं लागतं. माझं काम संमतीपत्राचं मराठी वाचायचं. "सहभागी व्यक्तीस यादृच्छिक पद्धतीने गटनिहाय नियुक्त करण्यात येईल" हे वाक्य मी किती वेळा खोडलं असेल, मोजदाद नाही. बाहेरच्या बाकावर रडून डोळे सुजलेली बाई बसली आहे आणि आपण तिला 'यादृच्छिक' वाचायला देतो. चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, असं लिहा की!

म्हणून तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला आवडलं. त्या डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला सांगितलं की कुणाला काय मिळालं ते आम्हालाही कळत नाही. तुम्ही आणि दादांनी हे वाक्य 'यांना काहीच माहीत नव्हतं' असं ऐकलं. मला ते त्या रात्रीचं सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटतं.

दादांचा प्रश्न साधा आहे: रक्त थांबवणारं औषध हातात असेल तर सगळ्यांनाच द्या, निम्म्यांना सलाईन कशाला? कुणालाही असंच वाटेल. पण मेंदूच्या बाबतीत असं 'उघड' वाटणारं पुष्कळ काही उलटलेलं आहे. रक्त पातळ करणाऱ्या, म्हणजे ॲस्पिरिनसारख्या गोळ्या चालू असताना मेंदूत रक्तस्राव झाला तर रुग्णाला प्लेटलेट द्याव्यात, हे तर्काला किती सरळ वाटतं! गोळीने प्लेटलेट निकामी झाल्या, ताज्या भरल्या की रक्त गोठेल. पॅच नावाच्या अभ्यासात नेदरलँड्स, ब्रिटन आणि फ्रान्समधल्या १९० रुग्णांवर हे चिठ्ठ्या टाकून तपासलं. २०१६ साली निष्कर्ष छापून आला. ज्यांना प्लेटलेट दिल्या त्यांच्यात मृत्यू किंवा परावलंबित्व जास्त निघालं. तसंच स्टिरॉइडचं. डोक्याला जबर मार लागला की मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड देण्याची रीत अनेक वर्षं होती. क्रॅश या अभ्यासात दहा हजारांवर रुग्ण घेतले आणि २००४ मध्ये कळलं, की स्टिरॉइड दिलेल्यांपैकी पहिल्या दोन आठवड्यांत २१ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी १८. हा तीन टक्क्यांचा फरक एखाद्या डॉक्टरच्या अनुभवाला कधीच दिसला नसता. त्याच्या वॉर्डात काही वाचले, काही गेले, एवढंच दिसलं असतं.

म्हणजे सलाईनच्या गटात पडणं म्हणजे वाटा हुकला असं नाही. कोणता गट नशीबवान हे त्या रात्री पृथ्वीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर चाचणीला मंजुरीच मिळाली नसती. आणि एक गोष्ट दादांना जरूर सांगा: दोन्ही गटांना नेहमीचे सगळे उपचार मिळतात. बीपी खाली आणणं, साखर बघणं, ताप उतरवणं, गरज पडली तर व्हेंटिलेटर. अभ्यासाचं औषध त्यावर अधिकचं.

या 'नेहमीच्या' उपचारांचीही एक गोष्ट आहे. इंटरॅक्ट-३ नावाचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा देशांतले सात हजारांवर रुग्ण होते आणि त्या दहांत आपला भारतही होता. नवं औषध काहीच नव्हतं. वरचा बीपी तासाभरात १४० च्या खाली आणायचा, साखर आणि ताप आटोक्यात ठेवायचा, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम उतरवायचा. पण हे सगळं एकत्र, ठरलेल्या आकड्यापर्यंत, घाईने करायचं. तेवढ्यानेही सहा महिन्यांनंतर स्वतःच्या पायावर उभे असणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. म्हणजे त्या रात्री बाबांचा बीपी ज्या घाईने उतरवला गेला असेल, त्या घाईमागेही कुणाच्या तरी मुलीची किंवा नवऱ्याची अशीच सही आहे.

आता घाईबद्दल. "विचार करायला वेळच दिला नाही," असं तुम्ही लिहिलंय. घाईत घेतलेली सही फसवून घेतलेली असते, असं आपल्याला वाटतं. घर घेताना किंवा विम्याच्या कागदावर ते खरंही असेल. मेंदूतल्या रक्तस्रावाचं गणित मात्र वेगळं आहे. पहिल्या काही तासांत साधारण तीनांतल्या एका रुग्णाच्या डोक्यातली रक्ताची गाठ वाढत जाते आणि जे वाढतं ते बहुतेक तेव्हाच वाढतं. पहाटे नाशिकहून दादा येईपर्यंत थांबले असते, तर ते औषध द्यायला काही अर्थच उरला नसता. तरीही त्या कॉरिडॉरमध्ये तुम्हाला बसायला खुर्ची आणि दहा शांत मिनिटं मिळायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. ती मिळाली नसतील तर तो दोष मांडणीचा आहे, तुमचा नाही. एथिक्स कमिटीला तसं दोन ओळींचं पत्र लिहा. अशी पत्रं येत नाहीत म्हणूनच काही बदलत नाही.

थोरल्याने सही करायला हवी होती, हा मुद्दा कायद्यात बसत नाही. रुग्ण स्वतः शुद्धीवर नसेल तर त्याच्या वतीने निर्णय घेऊ शकणारी जवळची व्यक्ती सही करते. त्या फॉर्मवर 'थोरला मुलगा' असा रकाना मी तरी पाहिलेला नाही. पण मला वाटतं दादांचा राग कायद्याचा नाहीच. बाबा पडले तेव्हा ते दोनशे किलोमीटर लांब होते आणि तुम्ही तिथे होतात. रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसाला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मग तो सापडेल ती गोष्ट पकडतो. साडेतीन लाख हेही त्यातलंच असावं. यावर त्यांच्याशी वाद घालू नका. पुढे त्यांच्यासाठी एक काम सांगते.

त्याआधी स्टेम सेल. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

ज्या दादांना एथिक्स कमिटीने तपासलेला, नोंदवलेला, फुकट दिला गेलेला अभ्यास 'गिनिपिग' वाटतो, त्यांनाच एका केंद्राच्या जाहिरातीवर विसंबून बाबांच्या अंगात पेशी टोचून घ्यायच्या आहेत. ताई, हा प्रयोगच आहे. फक्त त्यात कुणी मोजत नाही, कुणाला जाब द्यायचा नाही आणि बिल रुग्णाने भरायचं. आपल्याच देशात पाच केंद्रांवर रक्तपुरवठा तुटून स्ट्रोक झालेल्या १२० रुग्णांवर अस्थिमज्जेतल्या पेशींची चाचणी झाली. २०१४ मध्ये निकाल आला: पेशी दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांत सहा महिन्यांनंतर फरक दिसला नाही. बाबांचा आजार रक्तस्रावाचा, तेव्हा तो निकाल जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण रक्तस्रावासाठीही हा मान्य उपचार नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरायच्या. आणि मंजूर चाचणी असेल तर ज्याची चाचणी चालू आहे त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. तेव्हा केंद्राला फोन करून दोनच गोष्टी विचारा: 'सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय?' आणि 'चाचणी असेल तर पैसे कशाचे?' सीटीआरआय ही आपल्या देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही. ती इंटरनेटवर कुणालाही बघता येते. तुम्ही सही केलेला अभ्यासही तिथे सापडायला हवा. तोही शोधा. तुमच्या सहीच्या कागदांची एक प्रत तुम्हाला मिळायलाच हवी होती, घरातल्या फायलींत बघा. तिच्यावर अभ्यासाच्या डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा संपर्क असतो. नसेल मिळाली तर मागा.

आता बाहेर पडण्याबद्दल. तो हक्क आहेच. कारण द्यावं लागत नाही आणि बाबांच्या पुढच्या उपचारांवर त्याचा परिणाम व्हायला नको. पण बाहेर पडून नेमकं काय होईल? औषध किंवा सलाईन, जे काही होतं, ते फेब्रुवारीतच देऊन झालं. ते परत काढून घेता येत नाही. उरला आहे एक फोन. त्यावर विचारतील: एकटे चालतात का, आंघोळ कोण घालतं, पैशांचे व्यवहार स्वतः बघतात का? त्यावरून शून्य ते सहा या मोजपट्टीवर एक आकडा ठरतो. शून्य म्हणजे काही त्रास नाही, सहा म्हणजे माणूस गेला. बाबा बहुधा तीन-चारच्या आसपास असतील. ज्यांचं फारसं बरं झालं नाही तीच घरं फोन उचलेनाशी झाली, तर औषध आहे त्याहून गुणी दिसतं आणि ते उद्या दुसऱ्या कुणाच्या बापाला टोचलं जातं. म्हणून माझा कल फोन घ्यावा असाच आहे. फोनवर एवढंही सांगून ठेवा की अभ्यास संपल्यावर बाबा कोणत्या गटात होते ते आम्हाला कळवा. त्याची नोंद करून घ्यायला लावा.

आणि आता ते मधलंच वाक्य. दिवाळीपासून गोळ्या बंद.

मला वाटतं, तुम्हाला टोचतंय ते हे. सहीवरचं भांडण त्या मानाने सोपं आहे, कारण ते दादांशी तरी करता येतं. गोळ्यांचं कुणाशी करणार? तुम्हाला माहीत होतं, तुम्ही दोनदा बोललात, बाबा म्हणाले असतील "मला काही होत नाही, मी पालखीत चालतो." अशी घरं पुण्यात गल्लोगल्ली आहेत. पर्वती रोज चढणारी, साबुदाणा खिचडीवर वरून मीठ घेणारी आणि बीपी मोजून दोन वर्षं झालेली माणसं मला माझ्याच वाड्यात दाखवता येतील. ज्या माणसाला काही होत नसतं त्याला गोळी घ्यायला लावणं हे वैद्यकातलं सर्वांत अवघड काम आहे. तुम्हाला ते जमलं नाही. डॉक्टरांनाही नेहमी जमत नाही.

पण इथे करण्यासारखं खूप आहे, साडेतीन लाखांहून कितीतरी जास्त. एकदा मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाला पुन्हा होण्याचा धोका असतो आणि तो कमी करायचा सर्वांत भक्कम उपाय म्हणजे बीपी आटोक्यात ठेवणं. प्रोग्रेस नावाच्या मोठ्या अभ्यासात आधी स्ट्रोक किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेलेले सहा हजारांवर लोक होते. २००१ मध्ये दिसलं की बीपीच्या गोळ्यांनी पुढच्या रक्तस्रावांचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं. हेच काम दादांना द्या. दंडाला बांधायचं बीपीचं यंत्र त्यांनी घ्यावं. तुम्ही सकाळ-संध्याकाळ मोजून आकडा व्हॉट्सॲपवर टाकायचा, त्यांनी नाशकात बसून वही ठेवायची आणि दर महिन्याला डॉक्टरांशी बोलायची जबाबदारी त्यांची. बहुतेक डॉक्टर १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात. बाबांचा नेमका आकडा त्यांच्या डॉक्टरांकडून घ्या. साडेतीन लाखांतले उरलेले फिजिओथेरपीला आणि स्पीच थेरपीला लावा. "मीच व्यायाम शिकून घेतलाय, एक दिवस चुकला तरी अपराधी वाटतं," असंही तुम्ही लिहिलंय. भारतातल्या १४ हॉस्पिटलांत १२५० रुग्णांवर अटेंड हा अभ्यास झाला. घरच्यांना व्यायाम घ्यायला शिकवलं तर रुग्ण जास्त सुधारतो का, हे त्यात पाहिलं. नेहमीच्या उपचारांहून जास्त फायदा दिसला नाही. याचा अर्थ व्यायाम सोडा असा नाही. पण तुमचा एक दिवस चुकला म्हणून बाबांचा पाय अडून राहिलेला नाही. थेरपिस्टला येऊ द्या आणि तो तासभर तुम्ही झोपा.

आता शेवटचा मुद्दा, जो तुमच्या चार पानांत कुठेच नाही. तुम्ही आणि दादा साडेतीन महिने भांडता आहात की बाबांच्या वतीने कुणी काय ठरवायला हवं होतं. बाबा शेजारच्या खोलीत जागे आहेत. 'हो', 'नाही', 'अरे' म्हणतात, तुम्ही पोळीऐवजी भात वाढला तर ताट सरकवतात, असं तुम्हीच लिहिलंय. तुमची सही बाबा बेशुद्ध होते तोवरची होती. रुग्ण समजण्याच्या स्थितीत आला की त्याला अभ्यासाबद्दल सांगून त्याची स्वतःची संमती घ्यावी, असं संशोधन परिषदेच्या तत्त्वांतही आहे. अभ्यासवाल्यांनी अजून ते केलं नसेल तर त्यांना तसं विचारा. पण त्यांची वाट कशाला बघता?

बोलणं गेलं म्हणजे समज गेली, असं नसतं. ती किती आहे ते स्पीच थेरपिस्टकडून तपासून घ्या आणि विचारताना त्यांना सोबत घ्या. बाबांच्या डाव्या बाजूला बसा, टीव्ही बंद करा. या आजारात 'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल होते, म्हणून आधी उत्तर माहीत असलेले प्रश्न टाका: "आपण नाशिकला राहतो का?" "दादा मोठा का?" उत्तरं नीट आली की मगच पुढे जा. एका कागदावर मोठ्या अक्षरात 'हो', दुसऱ्यावर 'नाही' लिहून डाव्या हाताशी ठेवा. एका वेळी एकच गोष्ट, छोट्या वाक्यात: "दवाखान्यात एका औषधाचा अभ्यास होता. त्यात तुमचं नाव मी दिलं. ऑगस्टमध्ये ते फोन करतील. बोलायचं?" मग गप्प बसा. तीस सेकंद, मिनिटभर. शब्द यायला वेळ लागतो आणि आपण तो मध्येच पुरवला की आलेला शब्दही परत जातो. स्टेम सेलचंही असंच विचारा, पैशांचा आकडा सांगून. दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न पुन्हा विचारून उत्तर तेच येतं का बघा.

दादांना त्या दिवशी बोलावून घ्या. ते उजव्या बाजूला बसले तरी चालेल, पण बाबांचं उत्तर येईपर्यंत त्यांनीही बोलायचं नाही, हे आधीच ठरवून घ्या.